मिठागरवाल्याच्या घरी मिठाची पुडी

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून टाकतो. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर आहे, आणि सकाळच्या वेळात कॉलेजात इंटर सायन्सच्या वर्गात बसतो. वडील मिठागरावर मजुरी करत आले. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापण्यासाठी काही लिहायचं म्हणजे मला अजून परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटतं. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामातलं काही लिहा' असं सांगणं आलं तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. मग वाटलं, एक हकिगत आपल्याजवळ आहे. ती सांगताना हात थोडा चुकला तरी कुणाला बाधणार नाही. आमच्या कामात तसं नसतं.

माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव घेतच नाही. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांची पुष्कळ गावं आहेत, त्यांतलं एक समजावं.

कंपाउंडरचं काम बाहेरून वाटतं तितकं गूढ नाही. डॉक्टर आत तपासतात, चिठ्ठीवर लिहितात, ती चिठ्ठी लाकडी खिडकीतून माझ्याकडे येते. मागच्या फळीवर बरण्या असतात. त्यांतली द्रव्यं मोजायची, लागेल ते खलात घोटायचं, पाण्यात कालवायचं, वर थोडा गुलाबी रंग घालायचा. रंगाशिवाय औषध लागू पडत नाही अशी नौपाड्यातल्या बायकांची खात्री आहे. बाटली पेशंटनं घरून आणायची. खोबरेल तेलाची, गुलाबपाण्याची, कसलीही. एका गृहस्थांनी खोकल्याच्या औषधासाठी अत्तराची बोटभर कुपी आणली होती आणि 'मावेल तेवढं घाला' म्हणाले होते. बाटली भरली की तिच्या अंगाला कागदाची एक पट्टी चिकटवतो. पट्टीच्या कडेला करवतीसारखे दाते कापलेले असतात. एक दाता म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही ही खूण कळते.

आणखी एक शब्द सांगायला हवा, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर उभी आहे. तो म्हणजे 'रिपीट'. एकदा औषध ठरलं आणि गुण आला, की पेशंट स्वतः येत नाही. गावातून कुणी ठाण्याच्या बाजाराला निघालं की त्याच्या पिशवीत रिकामी बाटली देतात. तो माणूस खिडकीत बाटली ठेवून म्हणतो, "रिपीट." इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्यांनाही हा शब्द येतो. तोवर सगळ्याच दवाखान्यांत ही रीत होती आणि त्यात सगळ्यांची सोय होती. बाटली येत राहायची, पेशंट दिसायचा नाही.

म्हातारपणच्या विसराळूपणाची बाटली मात्र कधी खिडकीत येत नसे. 'चळ लागला', 'आता वय झालं' म्हणून घरातली माणसं तो सोसत. सुनेचं डोकं दुखतं म्हणून सून यायची, मुलाला झोप नाही म्हणून मुलगा यायचा, आणि औषध घेऊन वळताना सहज बोलल्यासारखं एखादं वाक्य टाकलं जायचं. सून म्हणायची, "सासरे रोज विचारतात, तू कोणाची?" हे वाक्य ऐकलं की डोकं कशानं दुखतंय ते मला खिडकीत बसल्या बसल्या समजायचं. पण त्याच्यावर फळीवरच्या कुठल्याही बरणीत काही नव्हतं.

धर्मा पाटील, म्हणजे गावाचे धर्माबाबा, हे आमच्या डॉक्टरांचे जुने पेशंट. साठी उलटलेली, अंग वाळून टणक झालेलं. स्वतःचं लहानसं मिठागर आणि थोडी भातजमीन. पण गावात त्यांचा मान होता तो उघाडीमुळे. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि त्या बांधात एक लाकडी दरवाजा ठेवतात. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीच्या आधी बंद करायची. हे कधी करायचं ते धर्माबाबा सांगत आणि गाव ऐके.

एका वर्षी बांध फुटला. तो परत घातला गेला, पण धर्माबाबांची गेलेली झोप काही परत आली नाही. त्यांचा मुलगा काशिनाथ त्यांना दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. डोकं शांत करणारं, झोप आणणारं हे औषध तेव्हा कितीतरी घरांत जायचं. पाऱ्याच्या यंत्रावर रक्तदाब बघितला तर तो चढलेला निघाला, म्हणून सांगितलं, मीठ बंद. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते. धर्माबाबांना झोप लागली, आणि त्यानंतर बाजाराच्या दिवशी त्यांची बाटली येऊ लागली. रिपीट.

पुढच्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर काशिनाथ पुन्हा आला. बरोबर त्यांच्या शेजारचा पांडू म्हात्रे होता. आमच्या दवाखान्यात आतली आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे. ती फक्त दिसण्यापुरती. बोलणं सगळ्यांना ऐकू येतं.

"डागदर, एक दाखला पायजे," काशिनाथ म्हणाला.

"कसला?"

"बापसाला इस्पितलान ठेवाचा हाय. येड्यांच्या."

मुंबईच्या माणसाला ठाणं म्हटलं की ते इस्पितळ आठवतं आणि हसू येतं. आम्हा ठाणेकरांना ती थट्टा पाठ आहे. पण त्या दिवशी बाकावरचं कुणी हसलं नाही. काशिनाथ खाली बघून सांगत होता. बापूस नातीला आपली मेलेली बहीण समजतो. जेवून उठतो आणि परत ताटावर बसतो. चालताना झोकांड्या खातो, म्हणून गाव म्हणतं दारूला लागला, आणि त्यानं तर आयुष्यात ताडीही घेतली नाही. आणि आता हे. ऐन भरतीच्या वेळेला बांधावर जाऊन त्यानं उघाडी उघडली. खारं पाणी आत शिरलं आणि पांडूचं उभं भात गेलं.

"मी भातासाठी नाय आलो डागदर," पांडू म्हणाला. "भात परत पेरता येल. पन पोरा बांधावर खेलतान. परत पानी सोडला नि येकादा वाहून गेला तर? धर्मादा माजा शत्रू नाय. त्यानंच मना नांगर धराला शिकवला."

तेवढ्यात दारात हिराआजी उभी राहिली. धर्माबाबांची बायको. या दोघांच्या मागोमाग ती गावापासून चालत आली होती. लुगडं पोटरीपर्यंत चिखलानं भरलेलं. तिनं आत येऊन कुणाला नमस्कार वगैरे केला नाही.

"दाखला लिवाचा असंल तर दोन लिवा," ती म्हणाली. "येक माजे नावाचा."

"आये, तू घरी जा बगू," काशिनाथ म्हणाला.

"घरी जाऊन काय करू? चुलीशी बोलू?" मग ती डॉक्टरांकडे वळली. "यो बापसाला येडा बोलतंय. तो येडा नाय झायला, बारका पोऱ्या झायला. चालतंय तसा, बोबडा बोलतंय तसा. नि तोंड बगा त्याचा, पाठ बगा. तरन्या पोऱ्यासारक्या फुटकुल्या आल्यान. नातवंडा बोलतान, आजोबाचा आता लगीन करा."

आता मात्र बाकावर कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"पुटकुळ्या? कधीपासून?"

"झाला की. पावसाचे आधीपासना."

डॉक्टर खिडकीशी आले. "गणू, धर्माचं मिक्श्चर अजून जातंय?"

"हो. बाटली येते बाजाराच्या दिवशी."

ते थोडा वेळ बरण्यांकडे बघत राहिले. मग काशिनाथला म्हणाले, "दाखला आज नाही. आधी मी त्याला बघणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. टांगा जाईल तिथपर्यंत टांग्यानं आणि पुढे बांधावरून पायी. धर्माबाबा ओटीवर खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या पायाला दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक खांबाला. काशिनाथनं आम्हाला बघून घाईघाईनं ती सोडली. मी दुसरीकडे बघितलं. माझ्या वडिलांनी या माणसाच्या आगरात काम केलं होतं. मी लहान असताना त्यांनी मला खांद्यावर घेऊन बांध दाखवला होता. आता ते माझ्याकडे बघून नुसतं हसले, जसं कुणाकडेही बघून हसावं.

डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले, चालायला लावलं, पाठीवरच्या पुटकुळ्या बोटानं दाबून बघितल्या. मग विचारलं, "मिक्श्चर किती घेतो?"

"तुमी सांगितला तसा, पट्टीवरची येक खून," काशिनाथ म्हणाला. "नि जास्त करतंय तवा दोन. मंग पडून ऱ्हातंय."

"आणि मीठ?"

हिराआजीचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती थांबलीच होती. "मीठ? डागदर, या घरान मिठाचा खडा नाय. तुमी बंद बोललात नि मी बंद केला."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. मीठ बंद म्हटलं की नौपाड्यातला पेशंट आमटीतलं मीठ बंद करतो आणि लोणचं-पापड खातो. पण ही मिठागरवाली माणसं. मीठ कुठे कुठे लपून बसतं ते त्यांना आपल्या घरच्या माणसांइतकं माहीत. हिराआजीनं सुके बोंबील बंद केले, जवळा बंद केला, खारवलेली मासळी घराबाहेर काढली. भाकरीच्या पिठात मीठ नाही, पेजेत नाही. गावच्या विहिरीचं पाणी खाडीमुळे मचूळ लागतं, म्हणून नवऱ्यापुरता एक हंडा ती लांबच्या गोड्या विहिरीवरून डोक्यावर आणत होती. त्यांना एकट्याला अळणी जेवायला लावणं तिच्या जिवावर आलं, म्हणून सगळं घरच अळणी जेवत होतं. दारात मिठाच्या राशी आणि ताटात मीठ नाही.

डॉक्टर खाटेवर बसले. "हिराबाई," ते म्हणाले, "माझं सांगणं तुमच्याइतकं आजवर एकाही पेशंटनं पाळलेलं नाही."

तिला ती शाबासकी वाटली. ती शाबासकी होतीही, पण निम्मीच.

परत येताना डॉक्टर एकटेच बोलत असल्यासारखे बोलत होते. "झोपेचं औषध मी दिलं. मीठही मीच बंद केलं. आणि दोन्ही मिळून काय करतायत ते बघायला मी गेलो नाही." त्यांनी रक्त काढून घेतलं होतं, ते मुंबईला तपासायला पाठवलं. उत्तर त्यांना आधीच माहीत होतं, तरी त्यांनी पाठवलं. ब्रोमाइड अंगात साचलं होतं; पुटकुळ्या ही त्याचीच खूण.

हे घरच्यांना समजावून सांगायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर टाकलं, कारण मी त्यांच्यातला. कॉलेजात तेव्हा नुकतंच क्लोरीन आणि ब्रोमीन एकाच कुटुंबातले असं शिकवलं होतं. मी ओटीवर बसून सांगितलं, "आजी, ब्रोमाइड म्हणजे मिठाचाच भाऊबंद. अंगाला मीठ लागतंच. खरं मीठ येत राहिलं तर हा पाहुण्यासारखा येतो आणि लघवीवाटे निघून जातो. पण मीठ यायचं बंद झालं की हा त्याच्या जागेवर बसतो. मग हलत नाही. बाबांच्या डोक्यात तो बसलाय. त्याला घालवायचा तर मिक्श्चर बंद आणि मीठ सुरू."

हिराआजीनं ऐकून घेतलं. "म्हंजे भाऊबंदकी घरान असते तशी पोटान पन असते."

"तसंच."

"नि काल जा जहर होता ता आज दवा?"

मी म्हणालो, "आजी, उघाडी चांगली की वाईट?" ती म्हणाली, "वेलेवर हाय." मी म्हणालो, "मग मिठाचंही तसंच." तिनं उठून हंडा घेतला आणि गावच्याच विहिरीवर पाणी आणायला गेली. तेव्हा मला वाटलं, पटलं असावं.

पण रक्तदाबाचं भय होतंच. मीठ वाटेल तसं द्यायचं नव्हतं, मोजून द्यायचं होतं. म्हणून मी दवाखान्याच्या तराजूवर मीठ तोलून कागदाच्या पुड्या बांधल्या. एरवी ज्यात कुनैन किंवा सोडा बांधतो, तशाच चौकोनी पुड्या. त्या हिराआजीच्या हातात ठेवल्या. तिनं एक उघडली, बोटानं चाखली आणि माझ्याकडे बघितलं.

"गनू," ती म्हणाली, "आमचे दारान डोंगर पडलाय मिठाचा, नि तू ठान्यावरना पुडीन मीठ आनलंस?"

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, हलत हलत हसली. काशिनाथ आतून बाहेर आला, काय झालं म्हणून. आईला हसताना बघून तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नसावं.

मला वाटलं होतं, आता लगेच गुण येईल. पण आधी बिघडलं. मिक्श्चर तुटल्यावर धर्माबाबांची झोप पार गेली. ते ओरडू लागले, भिंतीवर माणसं दिसतात म्हणू लागले. एकदा हिराआजीच्याच अंगावर धावून गेले. मी गेलो की काशिनाथ मला बांधापर्यंत पोचवायला यायचा आणि तेच तेच विचारायचा. "गनू, खरा सांग. डागदरना नक्की माहीत हाय ना? का आमचे बापसावर शिकतान?" मी म्हणायचो, माहीत आहे. पण ते म्हणताना माझा आवाज मलाच पोकळ वाटायचा. काशिनाथ वाईट माणूस नव्हता. दिवसभर शेत बघायचा, मग बापाला बघायचा, मग बापामुळे भांडलेल्या शेजाऱ्यांना बघायचा. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, कारण धाकटी आजोबांना घाबरायला लागली होती. एका माणसाचं स्मरण जातं तेव्हा सगळं घरच आपली जागा सोडून सरकतं, हे मी तेव्हा बघितलं. गावानं मुदत दिली होती. दिवाळीपर्यंत. तोवर फरक पडला नाही तर दाखला, मग तो या डॉक्टरांचा असो नाहीतर दुसऱ्याचा.

हळूहळू ओरडणं थांबलं. पुटकुळ्या सुकल्या. बोलणं सुटं झालं. ते हिराआजीला नावानं हाक मारू लागले. पण घरात बसलेला माणूस शांत झाला एवढ्यानं गावाचं भागणार नव्हतं. गावाला उघाडीची भीती होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी दवाखाना लवकर बंद झाला आणि मी पुड्या घेऊन गेलो. अंगण सारवलेलं होतं. काशिनाथची बायको मुलांना घेऊन सणापुरती आली होती, पण पोरं दारातच घुटमळत होती. पांडू म्हात्रे ओटीवर बसला होता. आज काय ते ठरणार म्हणूनच तो आला असावा. कुणी विषय काढत नव्हतं. धर्माबाबा पेज पीत होते. मध्येच त्यांनी वाटी खाली ठेवली.

"आज अवस ना?" ते म्हणाले.

"हाव," हिराआजी म्हणाली. "दिवाली हाय."

"मंग दुपारचे भरतीला उधान येल. उघाडी लावली का रे?"

मी पांडूकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला होता. गावच्या उरलेल्या भाताच्या कापणीआधी शेतांतलं पाणी निघून जावं म्हणून त्यानंच सकाळच्या ओहोटीला उघाडी उघडली होती. आणि सणाच्या गडबडीत ती तशीच राहिली होती.

पांडू उठला आणि चपला न घालता धावत सुटला. त्याच्यामागे काशिनाथ. त्यांच्यामागे, मला काहीच करता येणार नव्हतं तरी, मी. पाणी चढायला लागलंच होतं. दोघांनी अंग टाकून उघाडीच्या फळ्या बसवल्या. परत आलो तेव्हा पांडू गुडघ्यापर्यंत चिखलात माखला होता. तो ओटीच्या कडेला बसला.

"लावली धर्मादा," तो म्हणाला.

"बरा केलास," धर्माबाबा म्हणाले आणि पेजेची वाटी परत उचलली. "लक्ष ठेवाला पायजे रे. पोरा खेलतान बांधावर."

काशिनाथ मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आत आला नाही. दाखल्याचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी, पण गोष्टीला पाय फुटले. धर्मा पाटलाला मीठ दिलं आणि गेलेली अक्कल परत आली, असं खाडीकाठी झालं, तिथून कळव्याला गेलं, कल्याणला गेलं. लोक म्हाताऱ्यांना घेऊन येऊ लागले. शहाडची एक बाई सासूला घेऊन आली आणि खिडकीतच म्हणाली, "ते मिठाचं औषध द्या." खोपटच्या एका गृहस्थांनी डॉक्टरांना न विचारताच वडिलांना मीठ चारलं होतं आणि पाय सुजलेल्या वडिलांना उचलून आणलं. डॉक्टर वैतागायचे, मग शांतपणे समजावायचे. विसर पडण्याची कारणं पुष्कळ असतात. डोक्याला मार लागलेला असतो. गळ्यातली ग्रंथी मंद झालेली असते. वर्षानुवर्षं नुसत्या पातळ भातावर काढलेली असतात. दारू असते. तरुणपणचा एखादा रोग असतो, ज्याचं नाव ते फक्त पुरुषांना आत बोलावून सांगायचे. रक्तदाबानं मेंदूतली एखादी बारीक वाहिनी फुटलेली असते. शोधलं तर कधी कधी हाताला लागतं. आणि खूप वेळा काही लागत नाही.

डोंबिवलीचे नाना अशांपैकी. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी, माई, त्यांना घेऊन यायच्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मी गुलाबी टॉनिक देत होतो. ते टॉनिकच आहे हे माईंनाही माहीत होतं. एकदा मी न राहवून म्हटलं, तुम्हाला फार त्रास होत असेल. त्या म्हणाल्या, "होतो. पण सांगू का, मला ओळखत नाहीत तेव्हा 'अहो बाई, आपण बसा ना' म्हणतात. सगळा संसार झाला, तेव्हा कधी बसा म्हणाले नव्हते." आणि खरोखरच प्रसन्न हसल्या. नानांसाठी आमच्याकडे काही नव्हतं, ही रुखरुख मला अजून आहे. माईंना ती माझ्यापेक्षा कमी असावी.

आमच्याकडे एक बदल झाला. आता नुसत्या बाटलीवर झोपेचं औषध मिळत नाही. माणूस दाखवावा लागतो. लोक कुरकुरतात, मीही दहा वेळा तेच सांगून थकतो, पण डॉक्टर ऐकत नाहीत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला धर्माबाबा काशिनाथबरोबर रक्तदाब दाखवायला आले. त्या दिवशी बाकावर नाना आणि माईही होते. धर्माबाबा नानांच्या शेजारी बसले.

"गाडी किती वाजता आहे?" नानांनी विचारलं.

"येल आता. बसा," धर्माबाबा म्हणाले.

थोड्या वेळानं नानांनी पुन्हा विचारलं. धर्माबाबांनी पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

काशिनाथ माझ्या खिडकीशी आला आणि वाकून हळू म्हणाला, "गनू, येक काम कर. मी दाखला मागाला आलेलो ता बापसाला कवा बोलू नको. डागदरना पन सांग. त्याला त्या दिसांतला काय आठवत नाय. नाय आठवत ताच बरा."

मी मान हलवली. मग डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं, बापाचं खाणंपिणं काय ते विचारायला. तो गेल्यावर धर्माबाबा उठून खिडकीशी आले. नानांकडे बोट करून म्हणाले, "मी असा होतो?"

"थोडे दिवस," मी म्हणालो.

"हूं." ते खिडकीशी वाकले. "काशा तुला काय बोलला ता मना माहीत हाय. दाखल्याचा. पांडूनं सांगला मना. त्याचे पोटान काय ऱ्हात नाय."

मी उगाच बुचं सारखी करू लागलो.

"तू असा तोंड नको करू," धर्माबाबा म्हणाले. "माज्या बापसानं भरतीला उघाडी सोडली असती नि मी काशाचे जाग्यावर असतो, तर मी काय केला असता? मी डागदरला इचाराला पन आलो नसतो. इस्पितलान घालून आलो असतो नि घरी येऊन जेवलो असतो. यो पोऱ्या इचाराला आला. नि मंग पुड्या मोजून मना घालत बसला." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "पन मना माहीत हाय ता त्याला सांगू नको. तोंड लपवत फिरंल. शेती कोन करंल?"

काशिनाथ बाहेर आला. "चला बाबा. बरा हाय बोलतान डागदर."

दवाखान्याला रस्त्याच्या बाजूनं तीन उंच दगडी पायऱ्या आहेत. येताना धर्माबाबा त्या माझ्यासमोर एकटेच चढून आले होते. कठड्यालाही हात लावला नव्हता. आता ते वरच्या पायरीवर थांबले आणि आतल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काशा, जरा धर रे मना. पायरी उंच हाय."

काशिनाथनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बापाचा दंड धरला. ते दोघं सावकाश, एकेक पायरी करत खाली उतरले.